पाणी काही थांबत नाही

रविवारी जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात लॅपटॉप उघडायचा नाही, हा मामीचा नियम. मी तो मोडला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त टेबलफॅनचं तोंड माझ्याकडून मामाकडे फिरवलं.

माझाही इलाज नव्हता. बोर्ड बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत आणि मी चिंचवडला मामाच्या घरी. मधे इंटरनेट, मग प्रयोगशाळेतला एक छोटा संगणक, त्यावर चालणारं ओपनओसीडी, त्याच्या यूएसबीला लावलेला प्रोब आणि प्रोबमधून निघून चिपच्या पायांपर्यंत गेलेल्या दोन तारा. चिप कॉर्टेक्स-एम४ घराण्यातली. काम अगदी साधं: पाण्याच्या मीटरकडून येणारे पल्स मोजायचे, शंभर भरले की मोजणीतून शंभर वजा करायचे आणि वरच्या आकड्यात एक मिळवायचा. पण रात्रभर चालवलं की सकाळी हिशोबात दोन-चार पल्स कमी भरत. कुठे गळत होते ते शोधायला मी जीडीबी हा डीबगर लावला होता, आणि आता डीबगरच चालेना.

मामा टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रणांवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालाय. ‘डीबगर’ हा शब्द तो नाक मुरडल्याशिवाय उच्चारत नाही.

“काय अडलंय?” त्याने वर्तमानपत्राच्या मागूनच विचारलं.

“स्टेप होत नाहीये. एक ओळ पुढे जा म्हटलं की भलतीकडेच जातंय.”

“मग नको करूस स्टेप.”

“हे बरंय! डोकं दुखतं म्हणून आलेल्याला सांगायचं, डोकं काढून ठेव.”

“उलट. डोकं वापर म्हणतोय.” वर्तमानपत्र खाली आलं. “तुम्हा मुलांना एफ-१० दाबत बसायची सवय लागलीये. जपमाळ ओढावी तसं. शंभरदा दाबलं की वाटतं काहीतरी पुण्य झालं.”

मला राग आला, कारण सकाळपासून मी साधारण तेच करत होते.

“मामा, हा कोड मी लिहिलेला नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेलाय. दोन हजार ओळी आहेत आणि कॉमेंट म्हणाल तर तीन, त्यातली एक चुकीची. अशा कोडात पाऊल-पाऊल चालून बघितल्याशिवाय कळायचं कसं? तू नेहमी म्हणतोस तसा लॉग छापला, तर त्यात मी जे विचारेन तेवढंच छापून येणार. काय विचारायचं हेच माहीत नसेल तर?”

“मुद्दा आहे,” मामा म्हणाला. त्याने असं म्हटलं की पुढे ‘पण’ येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. “पण आधी सांग, दुखतंय नक्की कुठे? ‘स्टेप होत नाही’ हे ‘बरं वाटत नाही’ म्हटल्यासारखं झालं.”

तक्रारी तीन होत्या. एक, पाऊल टाकायला कधीकधी पाच-पाच सेकंद लागत. दोन, फंक्शनवरून उडी मारायला सांगितलं की जीडीबी म्हणे, हार्डवेअर ब्रेकपॉइंट बसवता येत नाही. आणि तिसरी खरी तक्रार: सरळ चाललेल्या कोडात पुढचं पाऊल टाकलं की मी एकदम पल्सच्या इंटरप्ट हँडलरमध्ये जाऊन पडायची.

“पाच सेकंद?” मामाला पहिल्याच तक्रारीची गंमत वाटली. “आमच्या ८०८५च्या किटवर बटण दाबलं की लागलीच पुढचा पत्ता दिसायचा.”

“तुझं किट तुझ्या मांडीवर होतं. माझं बंगळुरूला आहे.”

“म्हणजे टपालाचा वेळ.”

हो, टपालाचाच. पण किती टपाल, हे मी तोवर मोजलं नव्हतं. ‘सेट डीबग रिमोट १’ ही आज्ञा दिली की जीडीबी समोरच्याशी जे जे बोलतो ते पडद्यावर उमटतं. मी ती दिली आणि एक पाऊल टाकलं. पडदा भरून वाहिला.

मामाने खुर्ची जवळ ओढली. जुन्या माणसाला तारेवरचं बोलणं ऐकायला मिळालं की तो डीबगरवरचा राग विसरतो. जीडीबीचा हा रिमोट प्रोटोकॉल मुळात सीरियल तारेसाठी केलेला, म्हणून अजून तसाच बोलतो: आधी डॉलरचं चिन्ह, मग निरोप, मग हॅश आणि त्यापुढे दोन आकडी बेरीज. ‘एक इन्स्ट्रक्शन पुढे जा’ हा निरोप सगळ्यात लहान रूपात नुसतं ‘एस’ हे अक्षर. पाकीट दिसतं डॉलर, एस, हॅश, ७३. त्या अक्षराचा आस्की कोड हेक्समध्ये ७३, आणि अक्षर एकच, म्हणून बेरीजही तेवढीच. उलट उत्तर येतं ‘टी०५’: ट्रॅप लागला, थांबलो.

“अरे, हे तर आपल्या मॉडेमसारखं बोलतंय,” मामा म्हणाला. मग बोटाने मोजू लागला. “आणि तू एक ओळ सांगितलीस ना? मग हा इतक्यांदा ‘एस’ का म्हणतोय?”

“ओळ ही गोष्ट फक्त माझ्या आणि कंपायलरच्या डोक्यात असते. चिपला इन्स्ट्रक्शन कळते. जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन टाकत जातो आणि प्रत्येक वेळी बघतो, ओळ बदलली का.”

मामाने वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. ओळीच्या चाळीस इन्स्ट्रक्शन धरू. दर थांब्यावर रजिस्टरं वाच, स्टॅकचा तुकडा वाच, असे मिळून तीन निरोप धरू. पुणे-बंगळुरू जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद. चाळीस गुणिले तीन गुणिले चाळीस म्हणजे ४,८०० मिलिसेकंद. “झाले तुझे पाच सेकंद. यात बिघाड काही नाही.”

यावरचा उपाय मला माहीत होता आणि आळसामुळे केला नव्हता: जीडीबीच प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालवायचा, म्हणजे हे चाळीस गुणिले तीन तिथल्या तिथे होतं आणि इंटरनेटवरून फक्त माझ्या टर्मिनलची अक्षरं ये-जा करतात. (लिनक्सवरच्या जीडीबीसर्व्हरला तर ‘या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत मला विचारू नकोस, बाहेर पडलास की सांग’ असंही सांगता येतं. मग एका ओळीला एकच फेरी पुरते.) दहा मिनिटांत ते केलं. पहिली तक्रार संपली.

“आता हे हँडलरमध्ये पडायचं काय ते सांग,” मामा म्हणाला. “पण त्याआधी मला एक सांग. ‘एक पाऊल’ हा हुकूम शेवटी पाळतं कोण?”

“चिप.”

“कशी?”

मी सांगितलं. माझ्या चिपमध्ये डीएचसीएसआर नावाचं एक डीबग रजिस्टर आहे. त्यातला शून्याव्या स्थानाचा बिट डीबग चालू करतो, पहिला थांबवतो, दुसरा एक इन्स्ट्रक्शन चालवून पुन्हा थांबवतो, आणि तिसरा लावला तर त्या काळात इंटरप्ट झाकून ठेवतो. इंटेलच्या ८०८६मध्ये, म्हणजे १९७८पासून, फ्लॅग रजिस्टरात ट्रॅप फ्लॅग आहे. तो लावला की दर इन्स्ट्रक्शननंतर प्रोसेसर आपणहून ट्रॅप होतो.

“आणि ८०८५मध्ये?”

“मला काय माहीत. मी तेव्हा जन्मले नव्हते.”

“८०८५मध्ये असलं काहीच नव्हतं!” मामा खूश झाला. “पण इंटेलच्या एसडीके-८५ किटवर ‘सिंगल स्टेप’ अशी कळ होती. कशी चालायची सांगू? किटवरच्या ८१५५ चिपमध्ये एक टायमर होता, त्याचा निकाल ट्रॅप इंटरप्टला जोडलेला. मॉनिटर प्रोग्राम काय करायचा, टायमरमध्ये बरोब्बर इतका आकडा भरायचा की तुझ्या प्रोग्रामात उडी मारून तुझी एक इन्स्ट्रक्शन चालू झाली, की टायमर वाजलाच पाहिजे. गजर लावून झोपावं आणि एक स्वप्न पडलं की उठावं. त्याला आम्ही स्टेप म्हणायचो.”

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. आणि ते ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, की ‘स्टेप’ ही चिपची उपजत क्रिया नाहीच. ती कुणीतरी, काहीतरी जुगाड करून, आपल्याला दाखवतं. ३२ बिटी एआरएमवरच्या लिनक्सचंच घ्या. तिथे प्रोग्रामला एकच पाऊल टाकायला लावायची सोय हार्डवेअरकडून मिळत नाही. म्हणून डीबगर समोरची इन्स्ट्रक्शन स्वतः वाचतो, ती पुढे कुठे नेईल हे ताडतो, आणि तिथे तात्पुरता ब्रेकपॉइंट पेरून प्रोग्रामला पळू देतो. ताडण्यात चुकला तर प्रोग्राम सुटतो तो सुटतोच. त्यात एआरएमच्या दोन लिप्या: चार बाइटांची एआरएम आणि आखूड थंब. सिंबल काढून टाकलेल्या लायब्ररीत पत्ता थंबचा की एआरएमचा हे डीबगरला कळत नाही. थंब कोडात चार बाइटांचा ब्रेकपॉइंट पेरला गेला, की ‘बेकायदा इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्राम मरतो, आणि आपण आपल्या कोडात चूक शोधत बसतो. ‘सेट आर्म फॉलबॅक-मोड थंब’ ही आज्ञा मी अशाच एका रात्री शिकले.

“आणि ६४ बिटीवर?” मामाने विचारलं. तो आता माझी परीक्षा घेत होता.

“तिथे हार्डवेअर स्टेप आहे. पण तिथे वेगळीच मजा. लॉक घेण्यासाठी दोन इन्स्ट्रक्शनची जोडी असते. पहिली वाचते आणि खूण करून ठेवते, दुसरी लिहिते, पण खूण शाबूत असेल तरच. नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. आता दोघींच्या मधे पाऊल टाकून थांबलं, की प्रोसेसर कर्नलमध्ये जाऊन परत येतो, आणि परत येताना खूण पुसली जाते. लिहिणं फसतं. पुन्हा वाच, पुन्हा थांब, पुन्हा फसलं. एरवी क्षणात मिळणारं लॉक स्टेप करताना जन्मभर मिळत नाही.”

“मग?”

“जीडीबी ही जोडी ओळखतो आणि तिच्यात थांबतच नाही. जोडीच्या पलीकडे ब्रेकपॉइंट ठेवून एका दमात पार करतो.”

मामा मागे रेलला. “बघ. म्हणजे तुझा डीबगरसुद्धा कबूल करतो की काही गोष्टी थांबून बघता येत नाहीत.”

हा त्याचा आवडता मुद्दा, आणि तो इथे येणार हे मला कळायला हवं होतं.

“मामा, दोन इन्स्ट्रक्शनवरून एवढा मोठा निष्कर्ष?”

“दोन इन्स्ट्रक्शनचा प्रश्नच नाही. तू चिप थांबवतेस तेव्हा काय काय थांबतं? सांग.”

“कोअर थांबतो. सिसटिक टायमर कोअरबरोबर थांबतो. बाकीचे टायमर चालू राहतात, पण डीबग रजिस्टरात त्यांचे गोठवायचे बिट आहेत. वॉचडॉगही तसाच. त्याचा बिट लावला नाही तर आपण विचार करत बसलो असताना तो चिप रीसेट करतो आणि पुढच्या पावलाला आपण रीसेट हँडलरमध्ये. ते मी पहिल्याच दिवशी केलंय.”

“आणि पाणी?”

“काय?”

“पाणी थांबतं का? मीटर फिरायचा थांबतो का?”

प्रयोगशाळेत खरं पाणी नव्हतं, मीटरच्या जागी एक पल्स जनरेटर लावला होता. पण तो थांबत नव्हता, हे खरं. चिप बाहेरच्या पिनवरून पल्स घेते. मी थांबलेली असताना पहिला पल्स आला की इंटरप्टची ‘थकबाकी आहे’ अशी खूण लागते. त्यानंतर पाचशे आले तरी खूण तीच, एकच. आणि मी पुढचं पाऊल टाकायला सांगितलं, की चिप आधी थकबाकी भागवायला जाते, म्हणून मी हँडलरमध्ये पडते. इतकं मलाही कळत होतं. कळत नव्हतं ते हे, की ओपनओसीडी हे टाळत का नाही. त्यात कॉर्टेक्स-एमसाठी इंटरप्ट झाकायची सोय आहे आणि ती मुळातच ‘ऑटो’वर असते.

मी निरोपांची नोंद पुन्हा वर सरकवली. मामा चष्मा पुसून बघत होता.

“हे झेड-एक काय आहे? सारखं सारखं येतंय.”

“हार्डवेअर ब्रेकपॉइंट बसवायचा निरोप. कोड फ्लॅशमध्ये आहे, तिथे डीबगरला सहज लिहिता येत नाही. म्हणून चिपमधले पत्ता ताडणारे कप्पे वापरायचे.”

“किती कप्पे?”

“सहा.”

“आणि तू लावलेत किती?”

मी मोजले. सहा.

मग मला ‘ऑटो’ म्हणजे काय ते आठवलं. ओपनओसीडी पाऊल टाकण्याआधी, आहे त्याच पत्त्यावर एक तात्पुरता ब्रेकपॉइंट ठेवतं आणि इंटरप्ट खुले सोडून चिपला पळू देतं. थकलेले हँडलर चालून जातात आणि चिप परत येऊन त्याच जागी अडकते. मग इंटरप्ट झाकून एक पाऊल. पण या युक्तीला एक मोकळा कप्पा लागतो. तो नसेल तर ओपनओसीडी गुपचूप साधं पाऊल टाकतं, इंटरप्ट उघडे ठेवून. आणि माझी दुसरी तक्रार, फंक्शनवरून उडी न मारण्याची, तीही हीच होती. उडी मारायची म्हणजे परतीच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लागतो, सातवा. पहिलं पाऊल नीट पडायचं आणि दुसऱ्याला मी घसरायची, हेही त्यामुळेच: ब्रेकपॉइंटवर उभं असताना त्यावरून पाऊल टाकायचं तर जीडीबी तेवढ्यापुरता तो उचलतो, कप्पा मोकळा होतो, आणि पुढच्या पावलाला पुन्हा भरतो.

दोन ब्रेकपॉइंट काढून टाकले. पाऊल टाकलं. पुढची ओळ. पुन्हा टाकलं. त्याच्या पुढची. अगदी आज्ञाधारक.

“झालं!” मी म्हटलं. “सकाळपासून सहा तास.”

“सहा तास, सहा कप्पे,” मामा म्हणाला आणि वर्तमानपत्र उचललं.

खरं तर लेख इथे संपायला हवा. तक्रार होती स्टेप होत नाही ही, आणि आता स्टेप होत होतं. (कंपायलरने कोड घोटून काढल्यामुळे बाण ओळींवर वर-खाली उड्या मारतो, ही सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार. तिच्यात टार्गेटचा दोष नसतो, ‘ओ-टू’ऐवजी ‘ओ-जी’ने बांधा म्हणजे बहुतेक भागतं. आणि बाण रिकाम्या ओळींवर थांबत असेल तर फ्लॅशमध्ये जुनी फाइल आहे. ‘कंपेअर-सेक्शन्स’ ही आज्ञा ते मिनिटात सांगते.)

पण माझे हरवलेले पल्स अजून हरवलेलेच होते. शंभर वजा करणाऱ्या ओळीवर मी उभी राहिले आणि पाऊल टाकलं. ११२चे १२ झाले. बरोबर. पुन्हा पुढच्या फेरीला. बरोबर. वीस वेळा केलं. वीसही वेळा बरोबर.

“आता?” मामाने विचारलं.

“आता चुकतच नाहीये.”

त्याला हसू आवरेना. “तू इंटरप्ट झाकलेस. चिप एकेक पाऊल सावकाश, शहाण्यासारखी चालतेय, मधे कुणी येत नाही. अशी चालली तर कोण चुकेल? तू जी चिप बघतेस ती रात्री चालणारी चिप नाहीच.”

मग त्याने मंगळ काढला. मामाच्या प्रत्येक वादात कधी ना कधी मंगळ येतोच. ४ जुलै १९९७ला पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक अधूनमधून रीसेट होऊ लागला. रेडिओ संदेशाला एका बाजूने दहाएक मिनिटं लागत होती, तिथे कसलं आलंय स्टेपिंग. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर घटनांची नोंद चालू ठेवून तेच सॉफ्टवेअर चालवत ठेवलं, रीसेट पुन्हा घडेपर्यंत. नोंदीत सापडलं ते असं: हवामानाची माहिती गोळा करणारं कमी अग्रक्रमाचं काम एक म्युटेक्स धरून बसे, तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाची कामं त्याला बाजूला सारत, आणि त्या म्युटेक्सची वाट बघणारं सगळ्यात महत्त्वाचं, बस सांभाळणारं काम वेळेत संपत नसे. पुढचं काम ते पाहून रीसेट करी. व्हीएक्सवर्क्सच्या त्या म्युटेक्सवर अग्रक्रम उसना द्यायची सोय होती, ती बंद होती. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून पाठवला आणि दुखणं थांबलं.

“यात कुणी एफ-१० दाबलं?” मामाने विचारलं. “चालत्या यंत्राची नोंद ठेवली आणि मग डोकं चालवलं. टोरवाल्ड्सनेसुद्धा २००० साली लिहून टाकलं होतं की मला डीबगर आवडत नाहीत.”

“आणि २००८ साली त्याच्याच लिनक्स २.६.२६मध्ये केजीडीबी आलं. तेही सांग.”

“ते आलं असेल.”

“आणि तुझी नोंद फुकट पडते का? माझा सीरियल पोर्ट १,१५,२०० बॉडचा. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे ८७ मायक्रोसेकंद. साठ अक्षरांची एक ओळ छापायची तर पाच मिलिसेकंदांहून जास्त. तेवढा वेळ प्रोग्राम छापत उभा. पल्स हरवतोय हे बघायला मी ओळ छापणार, आणि छापण्यानेच कामाचा ताल बदलणार. तुझी नोंदसुद्धा चिपला हात लावतेच, मामा. तू लांबून बघतोस असं तुला वाटतं एवढंच.”

तो जरा वेळ गप्प बसला. “म्हणून आम्ही छापायचो नाही. एक पिन वर-खाली करायची आणि ऑसिलोस्कोप लावायचा. किंवा रॅममध्ये गोल बफर ठेवायचा, चार बाइट लिहायचे, नंतर निवांत वाचायचे.”

“स्कोप बंगळुरूला आहे.”

“बफर तर चिपमध्ये आहे?”

हे भांडण मुळात आमच्या घरातलं नाही. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर एकेक ऑर्डर चालवायचं बटण होतं आणि यंत्राचा वेळ भलता महाग होता. १९५१ साली स्टॅन्ली गिलने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एडसॅकवरच्या चुका कशा शोधाव्यात यावर लेख लिहिला, तेव्हा त्याने भर दिला होता तो प्रोग्राम चालता ठेवून त्याच्या ऑर्डरींचा माग छापणाऱ्या रूटीनवर. मामाला हे सांगितलं नाही, नाहीतर त्याने गिललाही आपल्या बाजूला ओढला असता. तो होताच म्हणा त्या बाजूला.

चहा आला. मामीने पडद्याकडे पाहून विचारलं, “सापडलं का?”

“पाऊल सापडलं,” मामा म्हणाला. “चूक नाही सापडली.”

चहा पिताना मी ती एक ओळ इन्स्ट्रक्शनमध्ये उलगडून बघितली. तीन होत्या. मोजणी मेमरीतून रजिस्टरात आण. शंभर वजा कर. परत मेमरीत लिही. आणि हँडलर त्याच मेमरीत एक मिळवतो.

मामाने कप खाली ठेवला. त्याला दिसलं, आणि मला दिसलं हे त्याला दिसलं.

“पहिली आणि तिसरीच्या मधे पल्स आला तर...” मी म्हणाले.

“आला तर नुसतं म्हणू नकोस. आण.”

“कसा आणू? तो कधी येईल ते माझ्या हातात—” आणि मी थांबले, कारण ते माझ्या हातात होतं. सकाळी सहा तास मी त्यालाच शिव्या घालत होते.

इन्स्ट्रक्शनवार पाऊल टाकत मी पहिली इन्स्ट्रक्शन पार केली. रजिस्टरात ११२. दुसरी पार केली. रजिस्टरात १२, मेमरीत अजून ११२. इथे थांबून ओपनओसीडीला सांगितलं, इंटरप्ट झाकणं बंद. जनरेटर पल्स देतच होता, थकबाकीची खूण लागलेलीच होती. पाऊल टाकलं. तिसरी इन्स्ट्रक्शन पार होण्याऐवजी मी घसरून थेट हँडलरमध्ये पडले. अगदी सकाळसारखी.

“पडलीस?” मामा पुढे झुकला.

“पडले.”

लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर एक ब्रेकपॉइंट ठेवला आणि हँडलरला चालू दिलं. चिप परत येऊन तिथे उभी राहिली. मेमरी वाचली: ११३. हँडलरने आपलं काम चोख केलं होतं. रजिस्टर वाचलं: १२, शिळं. पुन्हा इंटरप्ट झाकले आणि एक पाऊल. मेमरीत १२. असायला हवे होते १३.

एक पल्स आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला.

“स्टेप करून सापडलं,” मी म्हटलं.

“विचार करून सापडलं. स्टेप नुसतं साक्षीला होतं.”

“नोंदीत तुला एवढंच दिसलं असतं की एक कमी आहे. तो एक कुठल्या दोन इन्स्ट्रक्शनच्या फटीत गेला हे तुझ्या बफरने सांगितलं असतं?”

“फट कुठे आहे हे तीन ओळी वाचून कळलंच होतं की!”

“मग ‘आण’ कशाला म्हणालास?”

याचं उत्तर त्याने दिलं नाही. बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि त्याचं सगळं लक्ष चमच्याने ते वाचवण्यात गेलं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. वजाबाकीआधी इंटरप्ट बंद, नंतर पूर्ववत. पल्स त्या फटीत आलाच तर खूण लागून थांबेल आणि लगेच नंतर मोजला जाईल, हरवणार नाही. बांधलं, फ्लॅश केलं, रात्रभर चालायला सोडायची तयारी केली. सगळे ब्रेकपॉइंट काढले. आता डीबगर सोडून द्यायचा होता.

तरी मी त्या ओळीवर एक ब्रेकपॉइंट परत लावला आणि चिप तिथे येऊन थांबायची वाट बघू लागले.

“आता कशाला?” मामा म्हणाला. “कळलं ना? दुरुस्त झालं ना? आता काय बघायचंय?”

“चालताना बघायचंय.”

त्याने मान हलवली, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि पंखा पुन्हा माझ्याकडे फिरवून खुर्ची पडद्याजवळ ओढली.